पहिला घास पाटलाचा

ओढ्याकाठी मेलेला लांडगा. पाय ताणलेले, दात उघडे, अंगावर कुठं जखम नाही.

दोन मुठी कणीक, मूठभर गूळ, दूध. लोणी वितळवून सगळ्यांत खाली.

कोंडवाड्याच्या फाटकाला नवी साखळी. आत मेंढरं, बाहेर त्यांची कोकरं.

चांदीच्या मुठीची काठी.

इटलीतला एक डोंगर. पावसात, खड्ड्यात बसून पत्र्याच्या डब्यातलं पिवळं फळ बोटांनी खाणारा पोरगा.

ढवळायचं नाही.

*

हरणाबाईच्या घरात दीड वर्ष गोड शिजलं नव्हतं.

कवठे महांकाळच्या पूर्वेला, कुसळांच्या माळावर धनगरांची एक वाडी होती. तिथं ती एकटी राहायची. नवरा आधीच गेलेला. एकुलता एक मुलगा बिराप्पा लढाईत गेल्याची तार आली, आणि तार वाचून दाखवणारा पोस्टमन पाणीही न पिता परत फिरला. मढं नाही, राख नाही. वाडीची रीत अशी, की तेराव्याला गोडाचं जेवण घालायचं, सगळ्यांची तोंडं गोड झाली की दुखवटा फिटला. हरणाबाईनं तेरावं घातलंच नाही. माझ्या पोराला मरताना ज्यानं बघितलं, तो माणूस दारात येऊ दे, मग घालते, असं तिनं भावकीला सांगितलं. दुखवटा उंबऱ्यावर बसून राहिला.

त्याचा त्रास सगळ्यांत जास्त नानासो पाटलांना होत होता.

का होत होता, हे वाडीला ठाऊक होतं. लढाई पेटली तसा भरतीचा साहेब गावोगाव फिरू लागला. माणसं द्या म्हणून पाटलांवर दाब आला. नानासोंचा थोरला, आकाराम, भरतीच्या वयाचा होता. त्याच आठवड्यात नानासोंनी हाळी दिली, की हरणाबाईची मेंढरं माझ्या ज्वारीत शिरली. सगळा कळप कोंडवाड्यात गेला. दंड भरते म्हणाली तर दंड नको. पोराला भरतीला पाठव, मेंढरं सोडतो. आत आया तहानेनं ओरडत होत्या, बाहेर कोकरं फाटकाला थान शोधत होती. कोकरं मरायला लागली तसा बिराप्पा उठला आणि सांगलीला जाऊन साहेबापुढं उभा राहिला. फाटक उघडलं तेव्हा तो आगगाडीत होता.

नानासोंच्या ज्वारीचं एक ताटही मोडलेलं नव्हतं. सगळ्यांनी पाहिलं होतं, कुणी बोललं नव्हतं.

हरणाबाईला एवढंच हवं होतं, की पाटलानं ते स्वतःच्या तोंडानं, चारचौघांत कबूल करावं. तो कधी करणार नाही, हेही तिला कळून चुकलं होतं.

*

डबा उघडताना रस सांडू द्यायचा नाही. रसातच निम्मी गोडी असते.

*

सेहेचाळीसच्या माघात आकारामचं लग्न ठरलं. वरात हरणाबाईच्या दारावरून जाणार होती, आणि न फिटलेल्या दुखवट्याच्या दारावरून वाजंत्री जात नाही. वाट बदलली असती तर का बदलली, असं लोकांनी विचारलं असतं. नानासोंनी भावकीतल्या म्हाताऱ्या रंगुबाईकरवी निरोप धाडला, की किती दिवस दार अडवून बसणार, आता गोड करून टाक.

रंगुबाईला वाटलं, हरणाबाई शिव्या घालील. हरणाबाई म्हणाली, करते. अमावास्येनंतरच्या रविवारी. रीतीप्रमाणं पहिला घास पाटलाचा, तेव्हा पाटलांनी यावं. साधंच सांगितलं तिनं, पण रंगुबाईनं परत जाताना दोनदा मागं वळून पाहिलं.

आणि त्या रविवारच्या आधी, ज्याची वाट बघत दीड वर्ष गेलं होतं, तो माणूस खरंच दारात आला.

जोतीराम त्याचं नाव. पाटणकडचा. बिराप्पाच्या पलटणीत लांगरी होता, म्हणजे स्वयंपाकी. पलटण मोडल्यावर आधी गावी गेला, मग सातारा, मग सांगली, तिथून सर्व्हिस मोटारीनं कवठ्यापर्यंत आणि पुढं चालत. अंगात खाकी कोट, काखेत वळकटी. वळकटीतून त्यानं पत्र्याचे दोन डबे काढले आणि हरणाबाईच्या पुढ्यात ठेवले. डब्यांवर पिवळ्या फळाचं चित्र होतं.

बिराप्पा झऱ्यावरून पाणी आणताना तोफगोळ्यानं गेला, हे त्यानं पहिल्यांदा सांगितलं, कारण तेच सांगायला तो आला होता. फार वेळ लागला नाही, असंही सांगितलं. मग बाकीचं सांगितलं. बिराप्पा संध्याकाळी साहेबांच्या खानावळीमागं येऊन लाकडं फोडून द्यायचा आणि त्याबदली जोतीराम त्याला डब्यातलं अर्धं फळ द्यायचा. आडू म्हणायचे त्याला. कधी साहेबांसाठी त्याच फळाचं, वर पीठ फुगवून, भाजून एक पक्वान्न व्हायचं. साहेब त्याला कॉबलर म्हणत. भांड्याच्या बुडाला चिकटलेलं बिराप्पा खरवडून खायचा आणि म्हणायचा, आमच्या म्हातारीला एकदा हे खाऊ घालायचं हाय.

हरणाबाईनं एकच विचारलं. मेंढरांचं काही बोलायचा का?

"किती कोकरं जगली असतील, असं इचारायचा, मावशी. मला काय ठावं. मी म्हनायचो, जगली असतील की समदी."

हरणाबाईनं डब्यावरच्या चित्रावरून बोट फिरवलं.

जोतीराम विहिरीवर अंघोळीला गेला. तेवढ्यात तिनं चुलीमागचं एक मडकं उचललं, ओढ्यापलीकडं नेलं, रिकामं केलं आणि दगडावर फोडलं. घरी येऊन राखेनं कोपरापर्यंत हात घासले. जोतीराम आला तेव्हा ती म्हणाली, रविवारचं गोड ह्याचंच करायचं. मला शिकव.

*

जोतीराम म्हणाला, सोपं हाय. पलटणीत तेलाच्या रिकाम्या पिंपात भाजायचो, इथं जाड बुडाचं पातेलं चालेल.

मैदा नव्हता, कणीक घेतली. साखर रेशनची, तीही रंगुबाईच्या घरी, गूळ किसला. चिमूटभर खायचा सोडा तो कोटाच्या खिशातून पुडी करूनच आला होता. लोणी पातेल्यात वितळलं. कणीक, गूळ, दूध यांचं सरसरीत पीठ त्यावर ओतलं. मग फोडी रसासकट वरून सोडल्या. हरणाबाईचा हात सवयीनं पळीकडं गेला.

"हात आवरा, मावशी. ढवळायचं न्हाई."

"मग एकजीव कसं हुयाचं?"

"आपसूक. फळ खाली जातंय, पीठ वर येतंय. तुमी मधी पडला की बिघडलंच."

वर ताटली झाकून तिच्यावर निखारे, खाली मंद आर. थोड्या वेळानं ताटलीच्या फटीतून वास यायला लागला. त्या घराला अनोळखी वास होता तो. हरणाबाई चुलीपुढं उकिडवी बसून होती आणि तिचे दोन्ही हात तिनं मांड्यांखाली दाबून धरले होते.

*

लांडग्याचं सांगायला हवं.

मागच्या पावसाळ्यात लांडगा लागोपाठ कोकरं उचलू लागला. वाडीतले गडी भाले घेऊन राखण करून थकले. हरणाबाईनं एका मेलेल्या कोकराच्या पोटात काजऱ्याची पूड भरली आणि कोकरू ओढ्यावर ठेवलं. काजऱ्याची बी म्हणजे जहर. मेंढपाळाच्या घरी औषधालाही असते, ह्यालाही असते. सकाळी लांडगा ताठ होऊन पडलेला. वाडी बघायला लोटली. नानासोही आले होते. चांदीच्या मुठीच्या काठीनं त्यांनी लांडग्याचं थोबाड उलटंपालटं केलं आणि म्हणाले, हरणाबाईच्या हातचं जेवायचं म्हणजे जपून हाय गड्या. सगळे पोट धरून हसले होते. नानासो सगळ्यांत जास्त.

*

रविवारी दुपारी अंगणात पंगत बसली. भावकी, शेजारपाजार, एका टोकाला नानासो, त्यांच्या शेजारी आकाराम, मागं काठी धरून त्यांचा गडी गुंडा. भाकरी, आमटी पानांवर वाढून झाली होती, पण कुणाचा हात हलत नव्हता. आधी गोड, आणि गोडाचा पहिला घास पाटलाचा. नानासोंच्या आजाच्या वेळेपासून हा मान त्यांच्या घरात होता. एका बारशाला कुणी पोरानं आधी लाडू उचलला, तर नानासो भरल्या पानावरून उठून गेले होते.

हरणाबाईनं द्रोण आणून त्यांच्या पुढ्यात ठेवला. वर तांबूस पापुद्रा, मधून डोकावणाऱ्या पिवळ्या फोडी, कडेनं काळपट रस.

नानासोंनी द्रोणाकडं पाहिलं, मग तिच्याकडं पाहिलं. हे कशाचं, असं विचारलं. जोतीराम सांगायला पुढं झाला, तिनं हातानं त्याला थांबवलं.

"माझ्या पोराला आवडायचं ते हाय," ती म्हणाली. "खावा, पाटील. माणसं खोळंबल्यात."

नानासोंनी द्रोण उचलला, नाकापाशी नेला, खाली ठेवला. वास ओळखीचा नाही म्हणाले. मग म्हणाले, आज पोट बरं नाही. मग म्हणाले, मला गोड सोसत नाही हल्ली. त्यावर रंगुबाई, जिला आता कुणाचं भय उरलेलं नव्हतं, पलीकडून म्हणाली, आकारामच्या सुपारीत लाडू बरं सोसलं. पंगतीत कुणीतरी खोकलं.

नानासो हरणाबाईला म्हणाले, आधी तू खा.

"घरची बाई आधी खात न्हाई. तुमीच शिकवलंय वाडीला."

मग त्यांनी द्रोण मागं गुंडाकडं केला. हात रिकामा राहू नये म्हणून गुंडानं काठी दोन्ही हातांत धरली.

"मान तुमचा हाय, पाटील," गुंडा म्हणाला. "मला कसा घ्यावा वो."

आकाराम बापाकडं बघत होता. सगळी पंगत बघत होती. लांडग्याचं नाव कुणी काढलं नाही, आणि सगळ्यांच्या डोळ्यांपुढं तो पडला होता. नानासोंच्या वरच्या ओठावर घाम आला. उठावं तर दुखवट्याच्या पंगतीतून पळाले म्हणतील. खावं तर हात उचलेना.

हरणाबाई त्यांच्यासमोर खाली बसली.

"नका खाऊ," ती म्हणाली. "पर का खात न्हाई तेवढं सांगा. माझ्या हातचं खायला भ्यावं, असं माझं काय केलंय तुमी?"

"त्या मेंढरांचं धरून बसलीस अजून," नानासो म्हणाले.

"कुठल्या मेंढरांचं?"

नानासोंनी ओठावरचा घाम पुसला.

"ज्वारीत शिरल्याली, ती?"

आमटीवर साय धरायला लागली होती. एक कोंबडी पंगतीतून चालत गेली, तिलाही कुणी हाकललं नाही. हरणाबाईनं द्रोण बोटभर पुढं सरकवला. एवढंच केलं.

"शिरली न्हवती," नानासो म्हणाले.

हळू म्हणाले, पण अंगण लहान होतं. टोकाला बसलेल्यानंही ऐकलं. आकारामनं मान खाली घातली. आपल्या जागी कोण गेलं, हे त्याला आजवर असं तोंडावर कुणी सांगितलं नव्हतं.

हरणाबाईनं तो द्रोण त्यांच्यापुढून उचलला आणि तिथंच बसून, त्यांच्यादेखत, खायला लागली. घाई केली नाही. फोड चावली, पापुद्रा चावला, रस प्याली, द्रोण पुसून बोट चाटलं. पंगत तिच्या जबड्याकडं बघत होती. नानासोही बघत होते, आणि ती मरत नाही हे त्यांना जसजसं कळत गेलं, तसतसा त्यांचा चेहरा उतरत गेला.

मग तिनं जोतीरामला सांगितलं, वाढ सगळ्यांना.

रंगुबाईनं पहिली फोड तोंडात टाकली. "लय ग्वाड हाय," ती म्हणाली. "पाटील, तुमची वाटनी मातुर सपली."

हसू फुटलं ते थांबेना. गुंडाही हसला. त्याला वाढलेलं त्यानं काठी भिंतीला टेकवून दोन्ही हातांनी खाल्लं.

नानासो उठून गेले. काठी तिथंच राहिली. दुसऱ्या दिवशी आकाराम येऊन ती घेऊन गेला, आणि जाताना हरणाबाईच्या उंबऱ्याला हात लावून गेला. वरात मागच्या आळीनं नेली. पुढं वाडीत बारसं असो, तेरावं असो, पंगत बसली की कुणीतरी हमखास विचारायचं, पाटलांना बोलवायचं का आधी चाखायला? नानासोंनी पंगतींना येणं सोडलं. त्यांना तीळतीळ मरताना बघायला हरणाबाई आणखी अकरा वर्षं जगली, आणि तिनं त्यातला एक दिवस वाया घालवला नाही.

पण त्या रविवारी माणसं गेल्यावर ती पातेलं मांडीवर घेऊन बसली होती. बुडाला चिकटलेलं खरवडून खात होती. तिला ते फार गोड लागत होतं. ह्यात पोराला एवढं काय आवडलं असेल, हे तिला कळेना, म्हणून ती खरवडत राहिली. जोतीराम म्हणाला, मावशी, पुरं, आता पितळ लागंल दाताला.

ओढ्यापलीकडं फोडलेल्या त्या मडक्यात, जोतीराम दारात येईपर्यंत, काजऱ्याच्या बिया अमावास्येपासून भिजत होत्या.