टायगकडचं औषध

साइव्हच्या, माझ्या आठ महिन्यांच्या लेकीच्या गालावर नायटा उठला. बटणाएवढा होता, तो कानापर्यंत पसरला. डॉक्टरांचं मलम मी न चुकता लावत होते. रोज सकाळी तिला खिडकीपाशी धरून फोटो काढायचा, कालच्याशी ताडून बघायचा, आणि दिवसभर जीव टांगणीला.

आमच्या घराण्यात नायट्याचं औषध आहे. कुंपणाच्या बांधावरच्या तीन तणांचा पाला, बिनमिठाच्या लोण्यात. पण त्याचं गुपित पुढे द्यायचं ते बाईने पुरुषाला, पुरुषाने बाईला. आणि एकदा दिलं, की देणाऱ्याच्या हातचा गुण गेला. आईने ते माझ्या भावाला, टायगला दिलं, आणि टायग आयर्लंड सोडून ऑस्ट्रेलियात, पर्थला गेला. तेव्हापासून त्या बांधावर आई तणनाशक मारू देत नाही. कुणी नायटा घेऊन दाराशी आलं, की म्हणते, "औषध त्याच्याकडे आहे ना, यावंच लागेल त्याला."

रविवारी आईकडे होते. टायगचा व्हिडिओ कॉल आला. साइव्हचा गाल त्याने स्क्रीनजवळ येऊन बघितला.

"तुला देऊन टाकतो. आत्ता, फोनवर."

"वेडा आहेस का? तुझ्याकडून जाईल ते."

"इथे काय करू त्याचं? इथल्या वाळूत ते तण उगवत नाही. आणि कॉलेजात शिकलेल्या बाई, तुमचा कधीपासून विश्वास?"

"माझा राहू दे. आईचा आहे."

आई बटाटे सोलत होती. सुरी थांबली. मी तिच्याकडे बघायचं टाळलं. साइव्ह माझ्या खांद्यावर गाल घासत होती.

"घे गं," आई म्हणाली. "पोरीचा चेहरा आहे तो."

टायगने सांगितलं. तीन नावं, खुडायची रीत, बस्स. लहानपणापासून पायाखाली तुडवत आलेलीच पानं.

आईने फोन ओढून घेतला. "झालास मोकळा?"

"आई, तुला भेटायला यायला मला औषध लागतं का?"

"मग इतकी वर्षं यायचं कशामुळे अडलं होतं?"

टायग म्हणाला, "मला बांध दाखवा ना."

साइव्हला कडेवर घेऊन, फोन पुढे धरून मी बांधावर गेले. "डावीकडे... ते नाही गं, त्याच्या खालचं." आई चपला फटफटवत मागून आली. मी पानाला हात घातला.

"लगेच खुडू नकोस," आई म्हणाली. "बघू दे त्याला."