बिनभोकाची कुंडी

सभागृहाबाहेर ही रांग लागली होती आणि प्रत्येकाच्या हातात एकेक कुंडी. कुंडीत छोटीशी कोरफड. गंमत म्हणजे ज्याची कोरफड जास्त सडलेली, त्याचा चेहरा जास्त खुललेला! एका बाईच्या रोपाचा तर पार लगदा झाला होता. तिच्याकडे सगळे हेव्याने बघत होते.

“बघा, बघा!” आत व्यासपीठावरून कोरफडबाबा गरजले. “झाड गळालं की रोग गळाला! खिडकी बंद ठेवा. सकाळ-संध्याकाळ रोग्याच्या हातून पाणी घाला. आणि झाड काम करत असताना औषधाला शिवू नका. झाडाला राग येतो!”

राग येतो म्हणे! आणि चांगली शिकलीसवरली माणसं माना डोलावत होती.

रांगेत एक शिक्षिका आपल्या वहिनीसोबत उभी होती. ती शाळेत विज्ञान शिकवायची, सगळे तिला बाईच म्हणत. तिचा जीव तीळतीळ तुटत होता. तिच्या दादाला क्षय झाला होता. गोळ्यांनी गुण येत होता, खोकला उतरला होता. जरा बरं वाटलं आणि पठ्ठ्याने गोळ्या बंद करून ही कुंडी उशाशी आणून ठेवली.

“दादा, अरे गोळ्या मध्येच सोडल्या तर दुखणं उलटेल,” तिने घरी परोपरीने सांगितलं होतं.

“तू गप गं. पान कसं पिवळं पडलंय बघ. माझ्यातलं सगळं तिकडे चाललंय.” तो हसला. किती दिवसांनी हसला होता! तिला पुढे बोलवेना.

पण गप्प बसेल ती बाई कसली? तिने बाबांकडून आणखी एक कुंडी आणली आणि शाळेच्या प्रयोगशाळेत अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवली. जवळपास आजारी कोणी नाही. पाणी मात्र बाबांच्या हुकुमाबरहुकूम. तीही कोरफड तशीच सडली. बाईने कुंडी उलटी केली, तर तळाला भोकच नाही! पाणी जाणार कुठून? मुळं कुजणार नाहीत तर काय होणार?

पुढच्या सभेत ती कुंडी घेऊन थेट व्यासपीठावर चढली. “हिच्याजवळ कोणीच आजारी नव्हतं. मग हा रोग कोणाचा?”

बाबा क्षणभर गडबडले, मग गोड हसले. “बाई, हा तुमच्या संशयाचा रोग. माझं झाड तोही ओढून घेतं!”

टाळ्यांचा कडकडाट झाला. वहिनीनेही टाळ्या वाजवल्या.

बाई तरातरा घरी आली आणि तिने दादासमोरच त्याची कुंडी उपडी केली. घाण वासाचं पाणी भळाभळा वाहिलं. बुडाशी एक कोंब तेवढा धड होता. तो तिने जरा सुकवला, तळाला भोकं पाडलेल्या डब्यात वाळू मिसळलेल्या मातीत लावला आणि खिडकी उघडून उजेडात ठेवला. पाणी द्यायचं ते माती पार कोरडी झाल्यावरच.

कोरफडीने बाळसं धरलं. गोळ्यांना अजूनही नाहीच म्हणणारा दादा मात्र खंगत गेला. एकदा खोकताना टॉवेलवर रक्त पडलं. त्याने डब्याकडे पाहिलं, मग बहिणीकडे. “पटलं गं,” तो म्हणाला. “दे गोळ्या.”

डॉक्टरांनी मान हलवली. जंतू आता त्या गोळ्यांना दाद देत नव्हते. दुसरी, जालीम औषधं सुरू केली, पण ती सोसायला अंगात त्राण हवं ना! दादा गेला.

लोक भेटायला आले, तेव्हा खिडकीत कोरफड हिरवीगार उभी होती. वहिनी तिच्याकडे बघत राहिली आणि एकदम म्हणाली, “वन्सं, तुम्ही झाड वाचवलंत. म्हणून रोग यांच्याकडे परत आला.”

बसलेल्या बायकांनी माना डोलावल्या.

आता वहिनी खोकते. खिडकी बंद असते आणि तिच्या उशाशी बाबांची नवी कुंडी आहे. नणंदेला ती खोलीत येऊ देत नाही.

कोरफडीला उजेड लागतो, पाणी बेताचं लागतं. क्षयाला औषध लागतं, तेही पुरतं. यात चमत्कार कुठेच नाही. बाबांनो, बायांनो, आमचं ऐकू नका हवं तर. टाळ्या वाजवण्याआधी एकदा कुंडी तेवढी उलटी करून बघा.