हातानं चालणारी गाडी

टर्नरला आयुष्यभर एका गोष्टीचा गर्व होता. माप घेतल्याशिवाय तो कशावरही विश्वास ठेवत नसे. कारखान्यात तो लेथवर कातकाम करायचा, म्हणून तर त्याला सगळे टर्नरच म्हणत. लोखंडाची कांब समोर आली की तिच्यावर लिहिलेला आकडा तो वाचायचाही नाही. स्वतः कॅलिपर लावायचा, स्वतः बघायचा आणि मगच यंत्र सुरू करायचा. त्याला घाई करायला साहेबसुद्धा धजत नसत. असा हा माणूस नुसत्या आवाजावर भाळला, आणि तोही फोनवरच्या, हे त्याच्या जुन्या सोबत्यांना सांगितलं तर कुणाला खरं वाटणार नाही. पण झालं ते असंच.

गाडी त्याच्या बायकोची होती. लहानपणीच्या तापात तिचे दोन्ही पाय गेले होते. टपाल कचेरीत ती खिडकीमागे बसायची आणि जायला-यायला बस होती. बसच्या पायऱ्या उंच, त्यामुळे रोज कुणीतरी काखेत हात घालून तिला वर चढवायचं, कधी कंडक्टर, कधी रांगेतला एखादा भला माणूस. एका संध्याकाळी ती घरी आली आणि जेवलीच नाही. बऱ्याच वेळानं म्हणाली, "पोत्यासारखी उचलतात हो मला." एवढंच बोलली, पुन्हा कधी विषय काढला नाही.

टर्नरनं इकडून तिकडून पैसे उभे केले, आपोआप गिअर बदलणारी एक जुनी गाडी घेतली आणि तिला हाताचा दांडा बसवला. दांडा पुढे ढकलला की ब्रेक, मागे ओढला की वेग, पायाचं कामच नाही. एक हात दांड्यावर राहणार, म्हणून दुसऱ्या एकट्या हातानं स्टिअरिंग फिरवता यावं यासाठी त्यावर बसवायची लाकडी मूठ केली. तिच्या तळव्यात नीट बसेपर्यंत किती मुठी कातून फेकल्या, त्याला गणतीच नाही. शेवटी एक तिच्या हातात बसली ती बसलीच. त्यानंतर बायकोला कुणी कधी उचललं नाही. ती स्वतः दार उघडायची, स्वतः आत सरकायची आणि टर्नरला शेजारी बसवून गावभर फिरवायची. तो शेजारी बसून वळणावळणाला सूचना द्यायचा आणि ती त्याला गप्प बसायला सांगायची.

मागच्या वर्षी ती गेली. अंथरुणावर असताना तिनं त्याच्याकडून एकच शब्द घेतला होता. गाडी भंगारात घालायची नाही, तिच्यासारख्याच कुणाला तरी द्यायची. टर्नर मोठ्या तोंडानं "हो" म्हणाला होता. पण गाडी चालवायची तर त्याचे डोळे अधू झालेले, आणि गावात तसं कुणी माणूसही नव्हतं. गाडी भिंतीकडेला उभी राहून चाकांतून बसायला लागली. शेवटी परगावी असलेल्या लेकीनं जाहिरात दिली आणि फोनवर बापाला धडाच घालून दिला.

गिऱ्हाईक लांबचं असेल, ती म्हणाली, तेव्हा सगळ्यात बरं म्हणजे दोघांनी बँकेत बसायचं, समोरासमोर पैसे आणि समोरासमोर सही. खात्यावर पाठवतो म्हणाला तर बँकेत जाऊन तिथल्या माणसाला विचारायचं. फोनवर आलेला निरोप खरा धरायचा नाही, पावतीचा फोटो तर नाहीच नाही. ड्राफ्ट आणला तर तो ज्या बँकेचा आहे तिला आपण स्वतः नंबर शोधून फोन करायचा. किमतीपेक्षा जास्त पाठवले, वरचे परत द्या, असं कुणी म्हणालं की फोन ठेवून द्यायचा. आणि पैसे पक्के झाल्याशिवाय किल्ली नाही, कागदावर सही नाही.

"बाबा, ऐकताय ना?"

"ऐकतोय. मी काय कुक्कुलं बाळ आहे?"

पहिला फोन आला तो एका शाळेत गणित शिकवणाऱ्या बाईंचा. गाव एका दिवसाच्या वाटेवर. पोलिओनं पाय गेलेले, कुबड्यांवर चालतात, चालवायचा परवाना आहे. इथवर ऐकून टर्नर सुखावला. पण पुढे बाईंनी प्रश्नांची अशी काही सरबत्ती लावली की त्याचं डोकंच फिरलं. बायकोच्या पश्चात गाडी तुमच्या नावावर झाली आहे ना, त्या कागदाचा फोटो पाठवाल का, इंजिनावरचा नंबर कागदाशी जुळतो का. आणि मग म्हणाल्या, हा हाताचा दांडा कुणी बसवलाय? जाणकार माणसाकडून तपासून घेतलाय का?

झालं. टर्नरच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. ज्या दांड्यावर बायकोनं उभा जन्म काढला तो ही बाई तपासायला निघाली. बाईंनी समजावून सांगितलं, राग मानू नका, मागे एकदा अशाच गाडीसाठी फोटो बघून आगाऊ पैसे पाठवले होते, ती गाडी जगात कुठे नव्हतीच. म्हणून त्या स्वतः येणार, गाडीत बसून बघणार, मग त्याच्याच बँकेत पैसे देणार आणि तिथूनच गाडी चालवत घरी जाणार. शाळेला सुट्टी लागली की, म्हणजे पुढच्या आठवड्यानंतरच्या सोमवारी. फोन ठेवता ठेवता म्हणाल्या, "बसमध्ये लोक मला उचलून चढवतात हो. ते एकदाचं संपवायचंय मला."

हे टर्नरनं ऐकलं होतं, नाही असं नाही. पण तो फुरंगटून बसला होता, आणि फुरंगटलेल्या माणसाच्या कानात सगळं जातं तरी आत काही पोचत नाही. सोमवारचं ठरवून त्यानं तुटक "या" म्हटलं.

दोन दिवसांनी दुसरा फोन आला. त्या माणसाचं खरं नाव देवाला ठाऊक, आपण त्याला गोडबोल्या म्हणू. अपघातात धाकट्या भावाचे पाय गेले, तो घरात कोंडून बसलाय, असं सांगताना त्याचा गळा दाटून आला. गोडबोल्यानं एक प्रश्न विचारला नाही की भावात घासाघीस केली नाही.

"काका, दांडा तुम्ही स्वतःच्या हातानं केलाय म्हणता," तो म्हणाला, "मग त्यात बघायचं काय राहिलं?"

तिथेच टर्नर गळाला लागला. बायको गेल्यापासून त्याच्या हाताला असं कुणी नावाजलं नव्हतं. त्या दिवशी तो भिंतीकडेच्या गाडीपाशी गेला, तिची चाकं भरली, काचा पुसल्या आणि दांड्याला तेल दिलं. गाडी चांगल्या घरी पडणार म्हणून त्याचं मन कसं अगदी भरून आलं होतं.

शनिवारी संध्याकाळी पैसे भरल्याच्या पावतीचा फोटो आला, पाठोपाठ खात्यात रक्कम जमा झाल्याचा निरोप आला. भिंग लावून टर्नरनं तो वाचला. बँक बंद झाली होती. लांबची बँक आहे, आकडा दिसायला सोमवार उजाडेल, गोडबोल्या म्हणाला, पण माझा ड्रायव्हर तुमच्याच बाजूला आलाय, आणि उद्या भावाचा वाढदिवस आहे. लेकीला विचारावं असं टर्नरच्या मनात आलं होतं. पण ती काय म्हणेल हे त्याला पक्कं माहीत होतं, म्हणूनच त्यानं फोन केला नाही.

तासाभरात ड्रायव्हर आला, चाळिशीचा, अबोल माणूस. टर्नरनं सह्या करून दिलेले कागद त्यानं न बघता खिशात घातले. टर्नर मोठ्या उत्साहानं दांडा समजावून सांगायला लागला तर तो म्हणाला, धाकट्या भाऊंना सगळं ठाऊक आहे. तो आत बसला आणि पायानंच गाडी सुरू केली.

"थांबा, मूठ आणतो," टर्नर म्हणाला. ती त्यानं कपाटात बायकोच्या शालीत गुंडाळून ठेवली होती, गाडी नेणाऱ्याच्या हातात स्वतः द्यायची म्हणून. ती घेऊन बाहेर येतो तो गाडी कोपऱ्यावर वळत होती. तो चपला न घालता रस्त्यात धावला, मूठ वर धरून हाका मारत राहिला. गाडी थांबली नाही.

तरीही त्याच्या मनात पाल चुकचुकली नाही. घाईत असेल बिचारा, असं म्हणून त्यानं गोडबोल्याला फोन लावला. मूठ राहिली, भावाला तिच्यावाचून स्टिअरिंग फिरवता येणार नाही, पत्ता द्या म्हणजे पार्सल करतो, एवढं त्याला सांगायचं होतं. फोन बंद होता. रविवारभर तो बंदच होता. मूठ पुढ्यात घेऊन बसल्या बसल्या टर्नरला हळूहळू उमगायला लागलं. ज्याच्या भावाला पाय नाहीत, त्यानं मूठ मागितली नव्हती. तिच्याविषयी विचारलंही नव्हतं. पायाखालची वाळू सरकली ती तेव्हा.

सोमवारी बँकेतल्या मुलीनं संगणकाचा पडदा त्याच्याकडे वळवून दाखवला. खात्यात काही आलेलं नव्हतं. शनिवारचा निरोप कुणा भलत्याच नंबरवरून आलेला होता. लेक धावत आली, त्याला घेऊन पोलिसांत गेली. बापाला एका शब्दानं बोलली नाही, आणि तेच त्याला जास्त लागलं. तक्रारीत तिनं दांड्याची सगळी खूण लिहून दिली होती, त्यामुळे शुक्रवारी एका लांबच्या ठाण्यातून फोन आला. गाडी सापडली नव्हती, पण दांडा सापडला होता. पेट्रोल पंपामागच्या चरात कुणीतरी तो उचकटून टाकलेला होता. पाय असलेल्या गिऱ्हाइकाला गाडी विकायची म्हणजे तो आड येतच असणार. लेक जाऊन दांडा घेऊन आली, तो जेवायच्या टेबलावर ठेवला आणि संध्याकाळच्या गाडीनं आपल्या कामावर गेली. टर्नरनं दांड्यावरचा चिखल पुसला. वाकलेला होता. सरळ करायला लेथही राहिला नव्हता आणि डोळेही.

राहता राहिल्या बाई. गाडी दुसऱ्याला दिली हे त्यांना आधी संकोचानं सांगितलं गेलं नाही. नंतर शरमेनं जीभ रेटेना. आज फोन करू, उद्या करू म्हणता म्हणता ठरलेला सोमवार आला आणि सकाळी फोन वाजला.

"मी पोचले. तुमच्या बँकेच्या दारात आहे."

बाई बँकेतल्या बाकावर बसल्या होत्या. ठेंगण्या, नीटनेटक्या, कडेला कुबड्या टेकवलेल्या. मांडीवर एक उशी होती. गाडीची सीट खोल असते, समोरचं दिसायला हवं, म्हणून मुद्दाम आणली होती. टर्नर शेजारी बसला आणि मान खाली घालून त्यानं पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं सांगितलं. 

"त्याला तुम्ही काय काय विचारलंत?" शेवटी त्या म्हणाल्या.

"काही नाही."

"मी विचारलं त्याचा मात्र राग आला."

"मला वाटलं, तुमचा माझ्यावर विश्वासच नाही."

"नव्हताच," बाई म्हणाल्या. "म्हणून तर मी स्वतः आले."

 टर्नरनं खिशातून मूठ काढून त्यांच्यापुढे धरली. का, ते त्यालाही सांगता आलं नसतं. बाईंनी ती घेतली. त्यांचा तळवा तिच्यावर मिटला आणि मनगट नकळत किंचित डावीकडे वळलं, बायको कोपऱ्यावर वळवायची तसंच. टर्नरचा जीव गलबलला. घाईघाईनं तो म्हणाला, तुम्ही दुसरी गाडी बघा, दांडा मी नीट करून देतो, पैसे नकोत. बाईंनी त्याच्या पांढुरक्या बुबुळांकडे पाहिलं, मूठ परत दिली आणि "बघू" म्हणाल्या. हे "बघू" कुठलं असतं ते त्याला कळत होतं.

मग त्यांनी परत जायला बस किती वाजता आहे ते विचारलं. परतीचं तिकीट त्यांनी काढलेलंच नव्हतं. परत गाडीनं जायचं होतं ना.

तिकीट टर्नरनं काढलं. तेवढं तरी त्या नको म्हणाल्या नाहीत. स्टँडवर दोघं उशी मध्ये ठेवून बसले. चहा घ्याल का, त्यानं दोनदा विचारलं. दोन्ही वेळा त्यांनी मानेनंच नाही म्हटलं. बस लागली तशी माणसांची झुंबड उडाली, आणि ती आत गेल्यावर दाराशी या दोघांशिवाय कुणी उरलं नाही. कंडक्टर खाली उतरला. त्यानं कुबड्या आत टाकल्या, बाईंना एका बाजूनं धरलं आणि टर्नरकडे बघून म्हणाला, "काका, त्या बाजूनं उचला जरा."

बाईंनी तोंड फिरवलं आणि रस्त्यापलीकडे कुठेतरी बघत राहिल्या. टर्नरनं त्यांच्या काखेत हात घातला. खिशातली मूठ त्याच्या मांडीला रुतत होती. त्यानं त्यांना उचललं, एका पायरीवर ठेवलं, मग पुन्हा उचललं. पायऱ्या तशाच होत्या, उंच.