हिरवा स्टिकर

समाधानने आल्या आल्या, कुणाला न विचारता, बर्नरची गॅसची चावी अर्धी पिळली. ज्योत बुटकी झाली, पण पिवळी ती पिवळीच राहिली.

"गॅस जास्त सोडायलाव तुम्ही, वहिनी. दुसरं काही नाही."

"आता कमी केलात ना? झाली का निळी?"

विजयश्रीने काचेची कांडी ज्योतीत धरली. टोक लाल झालं, जरा वाकलं आणि त्यावर काजळी धरली. तिने ती कांडी त्याच्या नाकासमोरच्या फरशीवर ठेवली. सकाळपासूनचे अकरा मणी तिथे ओळीने पडले होते. पारदर्शक व्हायचे होते, सगळे धुरकट निघाले होते.

पिंपळे गुरवच्या त्या दोन खोल्यांच्या घराची मागची बाल्कनी पत्र्याने बंद करून विजयश्रीने आपलं काम थाटलं होतं. मणी, कानातले, बारीक नक्षीची फुलं. भोसरीच्या काचेच्या कारखान्यात आठ वर्षं हात भाजून घेऊन शिकलेली विद्या होती ती, यूट्यूब बघून आलेली नव्हे. नुसत्या गॅसच्या ज्योतीत ही काच हटून बसते. सोबत ऑक्सिजन लागतो, आणि तो द्यायचं ते पायाशी घुरघुरणारं, चाकं लावलेलं मशीन. हवा आत ओढायची, त्यातला ऑक्सिजन वेगळा काढायचा आणि नळीतून सोडायचा, एवढंच त्याचं काम.

मशीन अण्णांचं होतं. अण्णा म्हणजे तिचे सासरे, सोपानराव. कोविडच्या दुसऱ्या लाटेत, दवाखान्यात खाट मिळेना तेव्हा दोघा भावांनी कुठूनतरी ते जुनंच मिळवून आणलं. अण्णा त्यावर नऊ दिवस काढून गेले. पुढे दोन वर्षं मशीन चादरीखाली पडून होतं. मग विजयश्रीने चादर काढली आणि काम सुरू केलं. तेव्हापासून दर दसऱ्याला धाकटा दीर, म्हणजे हा समाधान, एकच पालुपद लावायचा: मशीन मला द्या. नावातच काय ते समाधान.

आज तो आला होता तो मंजुळाबाईंनी, त्याच्या आईने, फोनवर हट्ट धरला म्हणून. चाकणला गाड्यांचे भाग बनवणाऱ्या कंपनीत तो मशीनच्या देखभालीला होता. गुरुवारची सुट्टी होती. दारातूनच त्याने अट घातली होती.

"नीट झालं तर झालं. नाहीतर गाडीत टाकून नेणार. अण्णांच्या मशीनवर मणी करायची काही गरज नाही."

विजयश्रीचा नवरा गणराज तेव्हाच 'जरा पिठाची गिरणी बघून येतो' म्हणून सटकला होता. भाऊ आणि बायको यांच्या मध्ये उभं राहायचं तर छाती लागते. दुसरं मशीन घेण्याची गोष्ट या घरात निघणार नाही हे विजयश्रीला पक्कं ठाऊक होतं. हे गेलं की बर्नर गेला, हातातली कला गेली, आणि ती पुन्हा नुसती स्वयंपाकघरात.

समाधानने साबणाचं पाणी करून नळीच्या सांध्यांना लावलं. कुठे फेस आला नाही. हवेचा प्रवाह दाखवणाऱ्या, मशीनवरच्या काचेच्या नळकांडीतली गोळी पाचाच्या आकड्यावर निवांत बसली होती, हिरवा दिवा लागलेला होता. शेवटी त्याने नळी बर्नरपासून सोडवली आणि टोक पाण्याच्या ग्लासात बुडवलं. पाणी खदखदलं.

"हे बघा, बुडबुडे. येतोय की ऑक्सिजन."

विजयश्रीचे हात थांबले. हेच वाक्य, याच आवाजात, तिने पाच वर्षांपूर्वी फोनवर ऐकलं होतं. अण्णांचे ओठ निळे पडत चाललेत, हवा पुरत नाहीये त्यांना, असं ती संध्याकाळपासून सांगत होती. मशीनला जोडलेल्या पाण्याच्या बाटलीत बुडबुडे येतायत ना, समाधानने विचारलं होतं. मग मशीन ठीक आहे. तुम्ही फक्त लक्ष ठेवा. पहाटे बसल्या बसल्या तिचा डोळा लागला. पंधरा मिनिटं, फार तर वीस. जागी झाली तेव्हा बुडबुडे चालूच होते आणि अण्णा गेले होते. तेराव्याला समाधानने लातूरहून आलेल्या सगळ्या भावकीसमोर सांगितलं, वहिनीला झोप लागली, नाकातली नळी निसटली असंल. त्या दिवसापासून ती या घरात झोप लागलेली सून होती.

"बुडबुडे हवेचेही येतात," ती म्हणाली.

देवघरातून ती पेटलेली अगरबत्ती घेऊन आली आणि नळीच्या तोंडाशी धरली. निखारा जरासा उजळला, बस्स.

"महिन्यापूर्वी हीच अगरबत्ती भडकन पेटायची. दर सोमवारी बघते मी. बाहेरचा, धूळ अडवायचा स्पंजही दर सोमवारी धुते. आत काहीतरी चोंदलंय."

"आतला फिल्टर मी स्वतः बदललाय." त्याने मशीनच्या पाठीकडे बोट केलं. "लिहिलेलं दिसत नाही का?"

दिसत होतं, न दिसायला काय झालं. मागच्या झाकणाच्या फटीवर, अर्धा झाकणावर आणि अर्धा मशीनवर, एक गोल हिरवा स्टिकर होता. कंपनीत देखभाल झालेल्या मशीनला लावतात तसला. त्यावर मार्करने 'फिल्टर बदलला', खाली तारीख आणि समाधानची सही. अण्णा जायच्या तीन दिवस आधीची तारीख. मंजुळाबाई दर खंडेनवमीला मशीनची पूजा करायच्या आणि हळदकुंकू नेमकं त्या सहीवर वाहायच्या. लेकाने बापासाठी केलेलं काम होतं ते. झाकण उघडायचं तर स्टिकर फाटणार, म्हणून विजयश्रीला त्यांनी कधी तिथे हात लावू दिला नव्हता.

"पाच वर्षं झाली त्याला. पुन्हा बदलायला नको?"

"कंप्रेसर गेलाय याचा." समाधान वायर गुंडाळायला लागला. "उगाच वेळ घालवण्यात अर्थ नाही. नेतो मी."

"भाऊजी, झाकण उघडून बघा आणि मग खुशाल न्या."

"सांगितलं ना, कंप्रेसर गेलाय."

"न उघडता कळलं? देखभालीवाले असेच करतात का तुमच्या कंपनीत?"

तो तिच्याकडे बघतच राहिला. रागाने म्हणावं तर रागाने नव्हे. त्याचा हात त्या स्टिकरवर आपोआप आडवा गेला होता. तिने तो हात पाहिला आणि काच कापायचं पातं उचललं.

"हात काढा. लागेल."

त्याने हात काढला. पातं फटीतून फिरलं. हळदीकुंकवाचा सुकलेला थर कुरकुरला आणि सही मधोमध चिरली गेली. चार स्क्रू तिनेच काढले.

आतला फिल्टर वाटीएवढा होता, तव्याच्या बुडासारखा काळा. आणि खाली, कंप्रेसरच्या कुशीत, एक प्लास्टिकची पिशवी पडली होती, तोंड बंद असलेली. आत नवा कोरा फिल्टर. पांढराशुभ्र.

स्वयंपाकघरात मंजुळाबाईंचा चहा उकळल्याचा आवाज येत होता. विजयश्रीने पिशवी उचलली, तिच्यावरची पाच वर्षांची धूळ अंगठ्याने पुसली.

"बस आली होती," समाधान म्हणाला.

"कसली बस?"

"कंपनीची. दुसऱ्या शिफ्टची. हॉर्न वाजवायला लागला ड्रायव्हर. निम्मी माणसं आजारी, डबल ड्युटी चालू होती. म्हटलं, उद्या बसवतो."

"मग सही?"

"सवय." तो फरशीकडे बघत होता. "ऑडिट असलं की आधी स्टिकर लावतो आम्ही. काम मागून करतो."

"आणि उद्या?"

"उद्या पण डबल होती."

असं काही कधी सापडलं तर आपल्याला रडू कोसळेल, असं तिला वाटायचं. रडू आलं नाही. संताप आला, पायापासून डोक्यापर्यंत, आणि तो तिने घशाखाली उतरवला नाही.

"अण्णा यानेच गेले असं मी म्हणणार नाही. मी डॉक्टर नाही, आणि तुमच्यासारखी तोंडाला येईल ते भावकीत बोलणारीही नाही. पण तुम्हाला माहीत होतं. पाच वर्षं माहीत होतं, म्हणून मशीन पाहिजे होतं तुम्हाला. आणि मी रोज रात्री उशाला गजर लावून झोपते, भाऊजी. अजून."

तिने पिशवी पुढे केली.

"बसवा."

त्याने बसवला. जुना काढून नवा बसवायला दोन मिनिटंही लागली नाहीत. ती घड्याळाकडे बघत होती, हे त्यानेही बघितलं. झाकण लावून, नळी बर्नरला जोडून मशीन चालू केलं. दहाएक मिनिटांनी विजयश्रीने बर्नर पेटवला. ज्योतीचा पिवळा ओसरत गेला, ती आखडली, टोकदार झाली आणि निळी होऊन फुसफुसू लागली. काचेची कांडी तिच्यात गेली आणि मधासारखी ओघळली. स्वच्छ, आरपार.

मंजुळाबाई चहाचे कप घेऊन दारात आल्या. ज्योत बघून त्यांचा चेहरा खुलला, आणि मशीनची पाठ दिसताच उतरला.

"सही कुणी फाडली गं?"

'गं'च म्हणाल्या. दुसरं कोण फाडणार?

विजयश्रीने मण्यांच्या पाकिटांवर लावायच्या चिठ्ठ्यांतली एक कोरी चिठ्ठी काढली, मार्कर काढला आणि दोन्ही समाधानसमोर फरशीवर ठेवले.

"फिल्टर बदलला ना भाऊजी? तारीख टाका."

"जुनीच टाक की रं," मंजुळाबाई म्हणाल्या. "अण्णासाठी केलतंस ती. मी तिलाच हळदकुंकू लावते."

समाधानने मार्करचं टोपण काढलं. टोक चिठ्ठीवर टेकवलं आणि तिथेच ठेवलं. शाईचा ठिपका कागदावर पसरत मोठा झाला. त्याने आईकडे पाहिलं.

"आई," तो म्हणाला, "ते कप खाली ठेव. बस जरा."

मंजुळाबाई काही न कळून दोघांकडे बघत खाली बसल्या. विजयश्रीने हात लांब करून बर्नर बंद केला. मग मशीनही बंद केलं आणि त्याची घुरघुर पूर्ण थांबेपर्यंत वाट पाहिली. तिला यातला एकही शब्द चुकवायचा नव्हता.