दोरीने बांधलेलं बूच

मी एक जुनी, प्लायवूडची, दोघांनी चालवायची शिडाची होडी आहे. मित्रांनो, सध्या मी अमेरिकेत, न्यू जर्सीमधल्या पार्सिपनी गावातल्या एका गॅरेजच्या छताला उलटी टांगलेली असते. खाली बर्फ काढायची फावडी माझ्याकडे बघून हसतात.

माझा जन्म इथलाच, १९९३ च्या हिवाळ्यातला. या घरचे मनोहरकाका दिवसभर ऑफिसात कॉम्प्युटरपुढे बसत आणि संध्याकाळी मला घडवत. शिडाची होडी म्हणजे श्रीमंतांचीच चैन का, हा त्यांचा राग होता. साध्या घरातल्या दोघांना परवडेल, गॅरेजात बांधता येईल, अशी होडी त्यांना हवी होती. तलावावरच्या क्लबने मला पसंत केलं, तर माझ्या बहिणी गावोगाव बांधल्या जाणार होत्या. अट एकच होती. क्लबच्या लोकांसमोर तलावाला फेरी मारून, कुणाच्या मदतीशिवाय परत यायचं.

तलावाचा बर्फ नुकताच वितळला होता. चाचणीच्या सकाळी किनाऱ्यावर मीनाक्षीकाकूंनी माझी पूजा केली. आपल्याकडे नव्या गाडीचीसुद्धा होते, मी तर घरची लेक! त्यांनी हळदकुंकू वाहिलं, कलशातलं पाणी शिंपडलं, नारळही माझ्यातच फोडला. साचलेलं पाणी जायला त्यांनी माझ्या तळाचं रबरी बूच काढलं आणि आरतीच्या तबकात, कुंकवातच ठेवलं. तेवढ्यात फोटोची गडबड उडाली. बूच तबकातच राहिलं. मला तोंड असतं तर मी ओरडले असते.

तलावाच्या मध्यावर माझं अंग जड झालं.

"बाबा, शी इज नॉट टर्निंग!" काकांची दहा वर्षांची लेक नीना म्हणाली. तिच्या पायांशी बर्फासारखं पाणी चढत होतं.

किनाऱ्यावर काकू हातात काहीतरी लाल धरून धावत होत्या. "अहो, बूच! बूच इथेच राहिलं!"

काकांनी ओळखलं. मदतीची मोटरबोट जवळच होती, पण हात वर केला की चाचणी संपली.

"अर्धं तर झालंय, खेचू आपण," ते म्हणाले.

"बाबा, आय कान्ट फील माय फीट."

काकांनी शिडाची दोरी सोडली आणि दोन्ही हात वर केले. "होडी गेली तर गेली!"

मला वाईट वाटलं, रागही आला, खोटं कशाला बोलू? पण त्यांनी आधी नीनाला मोटरबोटीत चढवलं, तेव्हा माझा राग विरघळला. मी काठोकाठ भरले, पण बुडाले नाही. मला बांधतानाच काकूंनी माझ्या बाकांखाली ठासलेल्या थर्माकोलने मला तोलून धरलं.

क्लबने नकार दिला. काकू कितीतरी दिवस माझ्याकडे बघतसुद्धा नव्हत्या. मग एका संध्याकाळी काकांनी काकूंच्याच हातून ते बूच दोरीने मला बांधून घेतलं. पुढच्या वर्षी मी फेरी पूर्ण केली आणि क्लबने मला पसंत केलं. आज माझ्या प्रत्येक बहिणीचं बूच दोरीने बांधलेलं असतं. आमच्या जातीचा तो पहिला नियम आहे.

आता नीना दूर कॉलेजात आहे आणि काकांचे गुडघे कुरकुरतात. माझं लाकूड कोरडं पडून तडकतंय. मित्रांनो, होडीला पाण्याची भीती नसते, विसरलं जाण्याची असते. तुमच्या गॅरेजात माझी एखादी बहीण असेल, तर तिला खाली उतरवा. आणि काका, तुम्हीही या ना. बूच बांधलेलं आहे. त्यावरचा कुंकवाचा डागसुद्धा अजून गेलेला नाही.