पडक्या घरांची ऑर्डर

कुरुंद्यातल्या खाजा मिया मिस्त्रीनं दोन वर्षांत एक वीट रचली नव्हती. आता त्याच्या घरात घरं बांधत होती त्याची लेक, आणि तीही थर्माकोलची! तरन्नुमचं बीकॉम झालं, नोकरी काही लागली नाही, तेव्हा मोबाइलवर बघून बघून ती हे शिकली. शहरांत म्हणे चांगली शिकलीसवरलेली माणसं टेबलावर बोटाच्या पेराएवढे शिपाई मांडतात, फासे टाकतात आणि लढाई खेळतात. त्या लढाईला गाव लागतं. परदेशातून आणलेलं गाव महाग, म्हणून तरन्नुमचं स्वस्तातलं गाव खपायचं.

सामान तरी काय! कुरियरच्या खोक्याचा पुठ्ठा, टीव्हीच्या पॅकिंगचा थर्माकोल, चहाच्या गाळणीतून चाळलेली ओढ्याची वाळू, फेव्हिकॉल आणि भिंतीची पुट्टी. प्लास्टिकचा चेंडू अर्धा कापला की झाला घुमट. वाळवंटाच्या रंगाला आईनं, खुर्शीदबीनं, हळद सुचवली होती. हळद पिकवणाऱ्या वसमतकडच्या माणसाला पिवळं म्हटलं की दुसरं काय सुचणार? पण हळद चार दिवसांच्या उन्हात उडून गेली, आणि मग पिवळ्या मातीवर भागवावं लागलं.

खाजा मिया खाटेवर बसून हे सगळं बघायचा. कधीमधी एखादा शब्द टाकायचा.

"ह्या छताला पन्हाळ काहून न्हाई?"

"अब्बा, वाळवंट हाय ते. तिथं पाऊस पडत न्हाई."

"मग लोकं पितात काय?"

बस, एवढंच. पण तेवढ्या बोलण्यानंही तरन्नुमचा दिवस बरा जायचा. कारण दोन वर्षांपूर्वी गावाच्या कडेला हरिचंदच्या नव्या घराचा स्लॅब कोसळला, आणि त्याच्याखाली वसराम गेला. तांड्यावरचा वसराम वीस वर्षं खाजा मियाच्या जोडीला काम करायचा. दोघांनी एका डब्यात भाकरी खाल्लेली. मालकानं घाई केली, टेकू लवकर काढायला लावले, असं सगळा गाव बोलला. हरिचंद शपथा खाऊन खाऊन थकला, कुणी ऐकलं नाही. खाजा मिया घरी आला तो खाटेवर बसला, तो बसलाच. लोक बोलवायला आले, त्यानं मान हलवून परत लावले. अब्बाचा हात एकदा कामाला लागावा, एवढंच तरन्नुमला हवं होतं. नमाजनंतर ती दुसरं काही मागत नसे.

त्या आठवड्यात पुण्याच्या रुद्र नावाच्या गिऱ्हाइकाची मोठी ऑर्डर आली. आठ घरं, त्यातली चार बॉम्बनं पडलेली. तरन्नुमनं आठही नीट बांधली, आणि मग चार घरांचे कोपरे तोडले, छतं फोडली, भिंतींना भगदाडं पाडली. पोटच्या लेकराला चापट मारावी तसं वाटलं तिला, पण काम ते काम. घरं पत्र्यावर वाळत घातली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ती खोके आणायला वसमतला गेली.

दुपारी परत आली तर दारातच खुर्शीदबी. डोळ्याला पदर लावलेला. 

"अम्मी, काय झालं?"

"हळू बोल. आत जाऊन बघ. तुझ्या अब्बानं कामाला हात लावला गं!"

खाजा मिया जमिनीवर मांडी घालून बसला होता. पुढ्यात पुट्टीची वाटी, हातात आइस्क्रीमची काडी. पडकी चारही घरं त्यानं दुरुस्त केली होती! भगदाडं बुजवली, कोपरे उभे केले, छतं सांधली, आणि दोऱ्याला खडा बांधून, ओळंबा लावून भिंती सरळ केल्या. तरन्नुमच्या हातून कधी झालं नव्हतं इतकं सुबक काम. एका छताखाली त्यानं काड्यापेटीच्या काड्यांचे टेकूसुद्धा दिले होते.

"ओलं हाय," तो म्हणाला. "सुकल्याबिगर टेकू काढू नको."

तरन्नुमला हसावं की रडावं कळेना. उद्या माल जायचा होता. ती त्याच्यासमोर बसली.

"अब्बा, लई छान झालं. पण... ही पडकीच पाहिजे व्हती."

"पडकी? पडकं घर कोण इकत घेतंय?"

"खेळातली लढाई हाय. बॉम्ब पडलाय असं दाखवायचंय. मीच तोडली व्हती."

खाजा मियानं हातातली काडी वाटीत ठेवली. "मग तोड," म्हणाला.

तिनं कटर उचललं, पण अब्बाच्या हातचं मोडायला तिचा जीव धजेना. शेवटी मन घट्ट केलं आणि एका घराचा कोपरा कापायला घेतला.

"असं न्हाई पडत," तो एकदम म्हणाला. "आण इकडं."

त्यानं कटर घेतलं. टेकू दिलेलं घर पुढं ओढलं आणि एकेक काडी काढली. ओलं छत मधोमध खाली बसलं.

"स्लॅब मधून बसतो. आदी बारीक आवाज येतो, माती सांडल्यावानी. मग भिंत आत येते." त्यानं बोट छताखाली ठेवलं. "वसराम इथं व्हता. सेंट्रिंगच्या प्लेटा गोळा करून राहिला व्हता."

"अब्बा, राहू द्या."

"डोंगरकडा गावचं दुसरं काम आडलं व्हतं. प्लेटा, टेकू सगळा एकच संच आपला. स्लॅबला एकवीस दिवस पाहिजेत, मी नवव्या दिवशी काढा म्हणलो. वसराम म्हणला, मिस्त्री, थांबू या. मी म्हणलो, मला शिकवतो का?" त्यानं बोट काढून घेतलं. "हरिचंदला तर पत्ताच नव्हता. पंचनाम्याच्या टायमाला लोकांनी इचारलं, मालकानं घाई केली ना? मी व्हय म्हणून मान हलवली. बस, मान हलवली."

तरन्नुमला अब्बाची एवढी चीड आली की तिला स्वतःचीच भीती वाटली. आणि त्याच क्षणी त्याला जवळ घ्यावंसंही वाटलं. तिनं दोन्हीतलं काहीच केलं नाही.

खुर्शीदबी दारातून म्हणाली, "झाकली मूठ राहू द्या. माणूस काई परत येत न्हाई. ह्या पोरीचं लग्न व्हायचंय अजून."

खाजा मिया उठला. "तरन्नुम, गाडी काढ. तांड्यावर जायचंय."

तांडा कोसभर लांब. वसरामची बायको सोजराबाई अंगणात शिजवलेली हळद पसरत होती. तिनं खाट दाखवली, पण खाजा मिया बसला नाही. उभ्यानंच त्यानं सगळं सांगितलं. डोंगरकडा, नववा दिवस, वसरामचं "थांबू या", आणि ती हललेली मान. काहीच गाळलं नाही. सोजराबाईचे हात हळदीत चालत होते. चालता चालता थांबले.

 मग बोलली ती फार हळू.

"दोन वर्षं मी कामाला जाताना हरिचंदच्या दारावर थुंकले, मिस्त्री. औंदा त्याच्या सुनंचं लेकरू पोटातच गेलं. बायका सांगत आल्या तवा मी म्हणलं, देवानं बराबर केलं. गूळ वाटला मी. ह्या हातानं."

खाजा मिया तिथंच जमिनीवर बसला.

"ते आता मी कुठं ठेवू? तुमी मिस्त्री ना, सांगा की!"

  अब्बाला माफी मिळेल किंवा शिव्या मिळतील, एवढंच धरून तरन्नुम आली होती.

सोजराबाईनं पिवळे हात लुगड्याला पुसले. उठली, चपला घातल्या. पाच पावलं जाऊन मागं वळली.

"उठा मिस्त्री. हरिचंदच्या दारी जायचंय. तुमी तुमचं सांगा, मी माझं सांगते."

तो जमिनीवर हात टेकून उठला. ती पुढं, तो मागं, दोघं कुरुंद्याच्या वाटेला लागली. तरन्नुमनं गाडी तिथंच अंगणात सोडली आणि ती त्यांच्या मागून चालू लागली.