आर्माँची शेवटची बाटली

माझं नाक मेलंय, हे माझ्या टूर कंपनीला माहीत नाही. दोन वर्षं झाली. नवऱ्याला, आर्माँला, पुरून आले, आठवडाभर तापाने फणफणले आणि उठले ती अशी. कॉफीला वास नाही, पावाला नाही, त्याच्या कोटालाही नाही. रडूसुद्धा आलं नाही. लोक म्हणाले, ओदील किती खंबीर! डोंबलाचं खंबीर.

आणि माझा धंदा काय, तर बड्या लोकांना काळ्या गाडीतून फ्रान्सच्या बर्गंडीत, बोन गावाच्या आसपासची वाइनची तळघरं दाखवायची, ग्लासात नाक घालायचं आणि बोलायचं. बोलते. चेरी, ओली पानं, जरासं चामडं. वीस वर्षांची पाठ झालेली वाक्यं आहेत. आजवर कोणी हटकलं नाही.

मंगळवारी जिनिव्हाचं एक जोडपं घेऊन फिर्मँबाबांच्या तळघरात उतरले. आर्माँ त्यांच्याच हाताखाली वाइन करायला शिकला. म्हाताऱ्याने धूळ पुसून एक बाटली आणली. लेबलवर आर्माँचं अक्षर होतं.

"त्याने स्वतः भरलेल्यातली ही शेवटची, पोरी," ते हळूच म्हणाले. "एकट्याने उघडवत नाही मला. आज तू आहेस, उघडू?"

"उघडा की," मी म्हटलं. दुसऱ्या कशाचा नाही, पण हिचा वास येईल असं वाटलं. हिचा तरी यायलाच हवा होता.

आमच्याकडे पहिला घोट गाईडचा. तिने हुंगून मान डोलावली की मग पाहुण्यांना. मी हुंगलं, मग घोट घेतला. काही नाही. नळाचं पाणी बरं. मी मान डोलावली आणि सगळी वाक्यं म्हणून टाकली, नेहमीपेक्षा छान.

"चेरी! अगदी चेरी!" बाईंनी डोळे मिटले.

"आणि चामडं," त्यांचा नवरा म्हणाला, जसा काही सात पिढ्या जोडेच शिवत होता.

मग फिर्मँबाबांनी आपला ग्लास नाकाशी नेला आणि तसाच खाली ठेवला. "वर अंगणात चीज मांडलंय, व्हा पुढे," म्हणून त्यांना जिन्याने वर पाठवलं. मग माझ्याकडे वळले.

"बुचाची बुरशी वाइनमध्ये उतरलीय, ओदील. ओल्या पुठ्ठ्याचा भपकारा येतोय. आमच्या गावात शाळकरी पोरगंही तोंड वाकडं करेल. आणि तू चेरी म्हणतेस?"

मी माझा ग्लास खाली ठेवला.

"कधीपासून?"

"तो गेल्यापासून."

"आणि मला सांगितलं नाहीस? भवाने!" ते ओरडले आणि बाहीने डोळे पुसायला लागले. मी बघत राहिले. मला काहीच झालं नाही.

ते बाटली मोरीत ओतायला निघाले. मी त्यांचं मनगट धरलं.

"अगं, वाया गेली ती. कोणाच्या घशाखाली उतरायची नाही."

"माझ्या उतरेल."

मी खोक्यावर बसले, ग्लास भरला, परत भरला. अख्ख्या बर्गंडीत आर्माँची ही बाटली पिऊ शकणारी मीच एकटी होते. तळाचा गाळसुद्धा ठेवला नाही. वरून बाई हाका मारत होत्या, मारू देत.